सासऱ्यांच्या गाडीतून वकिलाकडं

“हिला सही येती का अंगठा?”

वकील मला विचारत नव्हता. सासऱ्यांना विचारत होता. मी समोरच उभी. टेबलापलीकडं वकील. अलीकडं दोन खुर्च्या, एकीत सासरे, एकीत नवरा. तिसरी खुर्ची भिंतीला होती, तिच्यावर सासऱ्यांची पिशवी ठेवलेली. पिशवी बसली होती. मी उभी.

“सातवी झालीया,” सासरे म्हणाले.

“मग शिकलेलीच की.”

तिघं हसले. चहा आला. मला कुणी विचारलं नाही. वकिलानं कागद सरकवला आणि वर आपला पंजा ठेवला. पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या, तेवढ्या बोटांमधून दिसत होत्या. मी वाकून वाचायला लागले. मला वाचता येतं.

“वाचून काय कळणाराय तुला? कायद्याची भाषा हाय ती. फुलीवर सही कर.”

“काहून?” मी विचारलं.

आमच्याकडं ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. “बघा. अजून जाईना तिचं काहून.”

“कुठली म्हणायची ही?”

“हिंगोलीकडची. तिकडनं आणलीया,” सासरे म्हणाले.

“आणलेली हाय व्हय.” वकिलानं मान डोलावली. सगळा उलगडा झाला असा चेहरा. “मग हिला काय इचारायचं?”

मी सही केली. सगळ्या फुल्यांवर केली. त्यातल्या एका फुलीवर मी माझा वकील निवडला. तोच माणूस. हे मला फार नंतर कळलं.

आणलेली.

म्हैस आणतात. फ्रिज आणतात. कोल्हापुरात येऊन मला कळलं की बायकोपण आणतात. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतच आम्ही चौघी आणलेल्या. एक नांदेडची, एक वाशिमची, एक कर्नाटकातली, एक मी. इथल्या बापांना नोकरीवाला जावई पाहिजे. शेतकऱ्याला, छोट्या दुकानदाराला पोरगी देत नाहीत. मग मध्यस्थ जातो आमच्याकडं. आमच्याकडं पोरी आहेत आणि पोरींच्या घरी काही नाही.

माझा बाप मी सातवीत असताना गेला. आई आणि आम्ही तिघी बहिणी. शाळा सुटली आणि मी हळदीच्या कामाला लागले. हळद उकडायची, वाळवायची, घासायची. बारा महिने हात पिवळे. मध्यस्थ आला तेव्हा म्हणाला, हुंडा नाही, मानपान नाही, लग्नाचा खर्च पोराकडचा, तुम्ही फक्त पोरगी उभी करा. आई रडली. आनंदानं रडली.

नवरा माझ्यापेक्षा बराच मोठा. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, इथली रीत आहे. मामांचा पेठेत दबदबा. तालमीचं काम असो, फुटबॉलची मॅच असो, वर्गणी असो, मामा पुढं. लग्नात माझ्या बहिणींना लुगडी त्यांनीच घेतली. पुढं आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, तर मामांनी तिला गाडी पाठवून आणलं, दवाखान्यात स्वतः बसून राहिले. आई त्यांच्या पाया पडली. मीपण पडले. रोज दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हात जोडायची. खोटं नाही सांगत. मनापासून जोडायची.

पण उपकार असा दिवा असतो की ज्यानं लावला तो त्याचा उजेड रोज मोजतो. भाजीत मीठ जास्त पडलं की सासू म्हणायची, “तिकडं मीठ तरी मिळत होतं का?” मी माहेरी जाते म्हटलं की, “कशाला, तिथं काय ठेवलंय?” कुणी पावणं आले की मला बोलवायचे, “जरा तुमच्याकडचं बोलून दाखव.” मी ‘काहून’ म्हणायची आणि घर हसायचं. हळूहळू मी ‘काहून’ म्हणायचं बंद केलं. विचारायचंच बंद केलं.

विराज झाला तेव्हा मामांनी पेठेत पेढे वाटले. नातू त्यांचा जीव. पाचव्या वाढदिवसाला चौकात भलामोठा डिजिटल बोर्ड लागला. मधे विराज, डोक्यावर फेटा. भोवती आजोबा, वडील, काका, तालमीची पोरं, दोन पुढारी. मी बोर्डाखाली उभी राहून पुन्हा पुन्हा बघितलं. मी कुठंच नव्हते. मी म्हटलं जागा नसेल उरली.

वाढदिवसाचे मांडववाले अजून पैशाला यायचे होते तेवढ्यात मामा म्हणाले, “चल, गाडीत बस. जरा वकिलाकडं जाऊन येऊ.”

“काय झालं, मामा?”

“तुमचं दोघांचं पटंना. थोडं दिवस लांब राहा. कागद केलेला बरा असतोय. तुझ्याच भल्याचं हाय.”

आमचं भांडण झालंच नव्हतं. नवऱ्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं, एवढंच. दुकान मोठं झालं होतं. दोन गाळ्यांचं झालं होतं. आता शिरोळ तालुक्यातली, चांगल्या बागायतदार घरातली पोरगी सांगून आली होती. मला हे माहीत नव्हतं. गल्लीतल्या नांदेडच्या पोरीला माहीत होतं, तिनं भीतीनं सांगितलं नाही.

मी गाडीत बसले. ज्या माणसानं माझ्या आईला डोळे दिले, त्याच्या गाडीत बसायला मी कसं नाही म्हणायचं? आणि वकील कुणाचा हे विचारायचं असतं, हे तरी मला कुठं माहीत होतं. मला वाटायचं, डॉक्टर जसा सगळ्यांचा असतो तसा वकीलपण सगळ्यांचा असतो. मामांनीच तसं सांगितलं. “दोघांचा वकील एकच. घरातल्या घरात दोन वकील कशाला? आपलाच माणूस हाय.”

आपलाच. त्यांचा आपला.

सही झाल्यावर त्यांनी मला हिंगोलीच्या गाडीचं तिकीट काढून दिलं. विराजची शाळा आहे, तो इथंच राहू दे, तू आईकडं जाऊन ये. मला स्टँडवर सोडलं आणि गाडी लागायच्या आत ते निघून गेले. मी पिशवी घेऊन बसले. गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरनं घंटा मारली. माझे पाय उठले नाहीत. तिकडं गेले तर इकडं परत कोण येऊ देणार, एवढं मात्र मला कळत होतं.

स्टँडपासून जवळच एका खानावळीबाहेर पाटी होती, भाकरी करायला बाई पाहिजे. आत गेले. खानावळवाल्या काकी जाड, घामानं डबडबलेल्या, तोंड सतत चालू. “भाकरी येती का?” म्हणाल्या. मी परात ओढली. त्यांनी एक भाकरी फुगलेली बघितली आणि म्हणाल्या, “वर माळ्यावर झोप. पाल हाय, घाबरू नकोस.” बाकी काही विचारलं नाही.

मी हिंगोलीला न जाता खानावळीत राहिलेय, हे पेठेत कळलंच. मग एक दिवस मामांचा फोन. कोर्टात जायचंय, गाडी पाठवतो.

गाडीत पुढं वकील. मागं मी आणि सासरे. नवरा आपल्या मोटारसायकलवर. कसबा बावड्याच्या रस्त्यानं जाताना वकिलानं मान न वळवता माझा अभ्यास घेतला.

“साहेब विचारतील, राजीखुशीनं करताय का? हो म्हणायचं.”

“हो.”

“वर्षभर वेगळे राहताय का? हो म्हणायचं.”

“वर्ष कुठं झालं?”

“हो म्हणायचं.”

“हो.”

“मुलगा वडिलांकडं राहील, मान्य का? हो म्हणायचं.”

मी मामांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

“मामा, विराज?”

“शाळा हाय त्याची,” ते म्हणाले. “तू काय त्याला परातीत बसवून फिरवणार हाईस?”

ड्रायव्हर हसला. मग आपण हसलो हे चुकलं असं वाटून त्यानं उगाच हॉर्न दिला.

कोर्टात मी तीनदा हो म्हटलं. तोंडातून आपोआप येत गेलं, जसं इतकी वर्षं येत होतं. तिसऱ्या हो-ला जजसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “बाई, नक्की ना?” मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून वकील म्हणाला, “होय साहेब.” माझ्या तोंडचं उत्तर त्यानं दिलं. जजसाहेबांनी पुढची तारीख दिली. सहा महिने विचार करा म्हणाले. सगळे बाहेर पडले, बोलत बोलत जिन्याकडं गेले. मला कुणी चल म्हटलं नाही. मी बाकावर बसले.

समोरच्या बाकावर एक बाई होती. साठीची असेल. पन्हाळ्याकडची, कपाळावर मोठं कुंकू, हातात जेवणाचा डबा. तिची वकील आली. बारीकशी, काळा कोट उन्हानं विटलेला, आपल्या फायली आपणच काखेत मारून. ती त्या बाईच्या शेजारी बसली. बसली, हे मी बघितलं. उभी राहून बोलली नाही.

“मावशी, आत जायच्या आधी एकदा सांगा. तुम्हाला काय पाहिजे?”

बाई बोलायला लागली. भावाचं, जमिनीच्या वाट्याचं, भावजय काय म्हणाली त्याचं. लांबण लावली नुसती. वकीलबाई मधे बोलली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, “हे मिळेल. हे मिळणार नाही. ह्याचं मला आज सांगता येत नाही.”

एवढंच. पण माझ्या अंगातून काहीतरी सरकलं. तुम्हाला काय पाहिजे. मला आजवर कुणी विचारलं होतं? आईनं नाही. मध्यस्थानं नाही. नवऱ्यानं नाही. माझ्या नावानं कोर्टात उभा राहिलेल्या माझ्या वकिलानं नाही. तो माणूस दोनदा भेटला आणि त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या नाहीत. काय झालं. काय पाहिजे.

खानावळीत येऊन मी भाकऱ्या थापता थापता रडले. काकी म्हणाल्या, “पिठात पडतंय. सांग काय ते.”

मी सांगितलं.

“वकील कुणी बघितला?”

“मामांनी.”

“फी कोण देतंय?”

“मामाच.”

“फोन कुणाला करतोय त्यो?”

“मामांना.”

काकींनी उलथनं कढईवर आपटलं. “मग वकील कुणाचा त्यो? आगं खुळे, वकील तुझ्या नवऱ्याचाच हाय, नुसता कागदावर तुझ्याबी नावानं हाय.”

मला राग आला. पहिल्यांदा आला. आणि गंमत म्हणजे आधी काकींवर आला. म्हटलं, मामा तसे नाहीत, आईचं ऑपरेशन केलं त्यांनी. काकी म्हणाल्या, “केलं. चांगलं केलं. मग काय, आईचे डोळे दिले म्हणून लेकरू द्यायचं?”

मी हातातली भाकरी तव्यावर टाकली.

दुसरा वकील बघायचा ठरवलं. आता हे लिहिते ते माझ्यासारख्यांसाठी लिहिते, शिकलेल्यांना हे माहीतच असणार. आधी नव्या एका वकिलाकडं गेले, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं झालं. मग विचारलं, “सासऱ्यांचं नाव काय?” मी सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. “अरे, ते तर आमच्या तालमीचे. आपलेच पावणं की. मी बोलतो त्यांच्याशी, मिटवून टाकू.” मी पाणी अर्धं ठेवून उठले. मी खाली रस्त्यावर पोचेपर्यंत मला मामांचा फोन आलापण.

मग दुसऱ्या एकाकडं गेले. त्यानं सगळं ऐकलं, छातीला हात लावला. “ताई, शंभर टक्के मुलगा तुमचा. मी देतो मिळवून.” मी त्याच्या पाया पडले. खरंच वाकले. माझी सवय ती. कुणी गोड बोललं की वाकायचं. काकींना येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, “जा आन् लिहून माग.”

मी गेले. “लिहून द्या, साहेब.”

तो हसला. “असं लिहून देत नसतात, ताई.”

“काहून?”

त्याचं हसू गेलं. “कोर्टाचं काय सांगता येतंय.”

“मग कालच सांगायचं होतं.”

त्या ‘काहून’नं माझं मलाच दचकायला झालं. किती दिवसांनी तो शब्द तोंडातून बाहेर आला होता, आणि कुणी हसलं नव्हतं.

काकी म्हणाल्या, “ऑफिसात बसून वकील कळत न्हाई. ऑफिसात सगळेच वाघ. कोर्टात जाऊन बघ. भाजी आपण गाडीवर निवडतो का, शिजल्यावर?” सकाळच्या भाकऱ्या उरकून मी कोर्टात जायला लागले. नुसती बाकावर बसायची. शिपाई विचारायचा, “बाई, तुमचं काय?” मी म्हणायची, “बघायला आलेय.” त्याला वाटलं डोक्यानं गेलेली आहे.

आणि दिसायला लागलं. पुकारा होतो तेव्हा कोणता वकील हजर असतो आणि कुणाचा पक्षकार एकटाच आत धावतो. बाहेर आल्यावर कोण पक्षकाराला काय झालं ते सांगतो आणि कोण “बघू बघू” म्हणत जिना उतरतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाबरोबर कोण हसतं, ते ठीक, त्यांचं रोजचं आहे. पण समोरच्या पक्षाच्या माणसाबरोबर कोण चहाला जातं, ते बघायचं. माझा वकील, माझ्या नावावरचा, तिथंच दिसायचा. त्याच्या मागं एक म्हातारा रोज हात जोडून चालायचा. वकील फोनवर. म्हातारा नुसता चालायचा. एकदा म्हाताऱ्यानं कोटाला हात लावला, तर वकिलानं कोट झटकला. धूळ झटकावी तसा.

त्या विटक्या कोटाच्या वकीलबाई मात्र एक काम दर वेळी करायच्या. आतून बाहेर आलं की पक्षकाराला म्हणायच्या, “आता आत काय झालं, ते तुम्ही मला सांगा.” तो सांगायचा. चुकलं की त्या पुन्हा समजावायच्या. वैतागून समजावायच्या, गोड नव्हत्या अजिबात. एका माणसाला ओरडल्यापण, खोटं सांगितलं म्हणून. मी ठरवलं, ही.

त्यांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागं एक खोली. खुर्च्या वेगवेगळ्या, एक मोडकी. त्यांनी मोडकी स्वतःकडं ओढली. “कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. मी कोर्टात बघितलं तुम्हाला.”

“काय बघितलं?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “काय झालं, सुरुवातीपासून सांगा. आणि खोटं सांगायचं असेल तर आत्ताच घरी जा.”

मी हळदीपासून सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. वाढदिवसाचं, बोर्डाचं सांगितलं तेव्हा पेन थांबलं.

“मुलगा पाचचा पूर्ण कधी झाला?”

“तेव्हाच. वाढदिवसाला.”

“आणि वकिलाकडं नेलं?”

“लगेच. मांडववाल्याचे पैसेपण द्यायचे होते.”

त्यांनी वही मिटली. “ताई, पाच वर्षांचं होईपर्यंत लेकरू शक्यतो आईकडं ठेवतात कोर्टं. तशी कायद्याची रीत आहे. तुमच्या सासऱ्यांना ते कुणीतरी नीट सांगितलं असणार. त्यांनी वाढदिवस होऊ दिला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो बोर्ड, तो फेटा, ते पेढे. मी पहाटेपासून शंभर माणसांचा मसालेभात केला होता. माझ्या लेकराला माझ्यापासून तोडायचा मुहूर्त होता तो, आणि त्याचा स्वयंपाक मी केला. कुणी सांगितलं असेल मामांना? त्यांचा वकील. म्हणजे माझा वकील.

त्या दिवशी मी रडले नाही. तेव्हापासून नाहीच रडले.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणालात ते झालं. पण शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागं घेता येते. घेतली की हा अर्ज पडला. मुलाचा वेगळा अर्ज करू. मिळेल असं मी सांगणार नाही. शाळा तिकडं आहे, घर तिकडं आहे, तुम्ही माळ्यावर झोपता. अवघड आहे. लांबेल.” मग म्हणाल्या, “बाईला सरकारकडून फुकट वकीलपण मिळतो. कोर्टातच त्याचं ऑफिस आहे, तिथं आधी विचारा. आणि जो मिळेल त्यालापण तपासा. फुकट आहे म्हणून गप्प बसू नका.”

हे सांगणारी वकील मी पहिल्यांदा बघितली. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडं पाठवणारी. मी त्या ऑफिसात जाऊन आले, विचार केला आणि परत त्यांच्याकडंच गेले. फी हप्त्यानं ठरली. उठताना माझी सवय जागी झाली, मी वाकले. त्यांनी टेबलावर हात आपटला.

“पाया पडायचं नाही. पाया पडणारा माणूस प्रश्न विचारत नाही. मला प्रश्न विचारणारा पक्षकार पाहिजे. मी चुकले तर कोण सांगणार?”

वकीलपत्रावर सही करायच्या आधी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. एक एक ओळ. मी तीन ठिकाणी काहून म्हटलं. तिन्ही ठिकाणी त्यांनी सांगितलं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाल्या, “हे मलापण नीट माहीत नाही, विचारून सांगते.” मग मी सही केली. ही माझी पहिली सही.

आधीच्या वकिलाची ना-हरकत लागते म्हणाल्या, ते मी मागते, तुम्ही जायची गरज नाही. मी म्हटलं, मला जायचंय.

शाहूपुरीतलं तेच ऑफिस, जिथं मी फुल्यांवर सह्या केल्या होत्या. त्या दिवशी पिशवी नव्हती. भिंतीची खुर्ची मी ओढली, टेबलासमोर आणली आणि बसले. पाय फरशीवर आवाज करत सरकले. वकिलानं वर बघितलं.

“तू? सासरे कुठं?”

“सासऱ्यांचं काय काम? तुम्ही वकील माझे ना?”

“बोल.”

“मला तुम्ही नको.”

तो हसला. तेच सवयीचं हसू. “कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? खानावळवालीनं? आगं, मी तुझ्या भल्यासाठीच झटतोय. तुझा वकील हाय मी.”

“मग सांगा, मला काय पाहिजे?”

त्याच्या हातातलं पेन थांबलं. तो कपाटाकडं बघायला लागला. मी वाट बघितली. बाहेर रिक्षावाले भांडत होते, त्यांचं सगळं ऐकू येत होतं.

“काय पाहिजे तुला?” शेवटी तो म्हणाला.

“हे आज विचारताय तुम्ही.”

“हे बघ बाई, तुझ्यासारख्या...”

“माझ्यासारख्या कशा?”

त्यानं फोन उचलला, मामांना लावायला. माझ्या देखत. मी खुर्ची उचलून परत भिंतीला लावली. दुसऱ्या कुणाला तरी लागेल म्हणून.

दुसऱ्या तारखेला मी सिटी बसनं गेले. मामांनी गाडी पाठवली होती, ती खानावळीबाहेर उभी होती, काकींनी ड्रायव्हरला भाकरी-आमटी खायला घातली आणि परत पाठवलं.

जजसाहेबांनी विचारलं, “संमती कायम आहे का?”

नवऱ्याकडून उत्तर आलं. मग माझ्याकडं बघितलं. मॅडम माझ्या शेजारी होत्या, पण बोलल्या नाहीत. आधीच सांगितलं होतं, हे तुम्ही बोलायचं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “मला मंजूर नाही. मागच्या वेळी मी हो म्हटलं, ते मला गाडीत शिकवलं होतं. जो वकील माझा म्हणून उभा होता, तो माझा नव्हता. मला माझं लेकरू पाहिजे.”

सगळं आमच्याकडच्या बोलीत निघालं. कुणी हसलं नाही. मागं मामा खाकरले. मी मागं बघितलं नाही.

जिंकले असं समजू नका. लढा चालू आहे. कोर्टाच्या हुकमानं विराज आता आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडं येतो. काकींनी माळा सोडवून मागची खोली दिली. पहिल्यांदा आला तेव्हा तो म्हणाला, “आजी म्हणती, तू मला टाकून गेलीस.” सहा वर्षांचं पोर. त्याला मी काय सांगू? स्टँडवर पाय उठले नाहीत हे सांगू? मोठा झाला की सांगीन. सगळं सांगीन, वकिलासकट. तो कदाचित माझ्याकडं येणारही नाही, मॅडमनी तेपण सांगून ठेवलंय. त्यांच्यावरपण मी चिडते. मागच्या महिन्यात एका तारखेला उशिरा आल्या, मी विचारलं. त्यांनी माफी मागितली. वकिलानं माझी माफी मागितली. मी मनात ठेवलंय, पुन्हा झालं तर पुन्हा विचारणार.

गल्लीतली नांदेडची पोरगी परवा खानावळीत आली. तोंडाला पदर. तिलापण तिचे सासरे म्हणाले होते, गाडीत बस, वकिलाकडं जाऊन येऊ.

मी भाकरी थापत होते. हात धुतले नाहीत, तशीच उठले. खुर्ची दिली तिला.

“बसलीस गाडीत?”

“अजून न्हाई. उद्या जायचंय म्हणालेत. ताई, लई केलंय त्यांनी माझ्यासाठी. नाही कसं म्हणू?”

मला ते ऐकून कुणाचा तरी गळा धरावा वाटला. तिचा नाही. त्या सगळ्यांचा, जे आधी भाकरी देतात आणि मग त्या भाकरीच्या आडून सही मागतात. त्यांना माहीत असतं. आम्ही उपाशी घरातल्या, दिलेलं विसरत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याच्यावर तर त्यांचा धंदा चालतो.

मी तिला एवढंच म्हटलं, “उद्या माझ्याबरोबर कोर्टात चल. बाकावर बसू. वकील आपण बघायचा. त्यानं तुला बसायला सांगितलं का, तुझं ऐकलं का, हरणार असशील तर ते तोंडावर सांगितलं का, तेवढं बघायचं. आणि मग तू विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“काहून.”

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला हसू आलं, मग गेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासऱ्यांची गाडी दारात उभी राहिली. ती मागच्या बोळातून निघाली आणि सिटी बसच्या थांब्यावर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. लांबून हॉर्न वाजत होता. वाजू दे. तसल्या गाडीत माझ्या देखत आता एकही पोरगी बसणार नाही.